छोट्या लाईनीची शिट्टी

“आमच्या घरातून एक शिट्टी चोरीला गेलीय,” समोर बसलेली बाई म्हणाली.

भुजंगरावांचा चहाचा कप ओठाशीच थांबला. पोलिसात हवालदारकी करताना म्हशीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळ्या चोऱ्या त्यांनी लिहून घेतल्या होत्या, पण शिट्टी? त्यांनी ज्योत्स्ना मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

जुन्या जालन्यात बियाण्यांच्या दुकानावर ज्योत्स्ना मॅडमचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. कामं बहुतेक सोयरिकीची: मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का. निवृत्तीनंतर भुजंगराव मॅडमचे हात, पाय आणि स्कूटर झाले होते. डोकं मॅडमचं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

“कसली शिट्टी?” मॅडमनी विचारलं.

“इंजिनाची. मी भावना, इथंच शाळेवर शिकवते. माझे बाबा, अप्पाराव, छोट्या लाईनीवर, त्या जुन्या मीटरगेजवर ड्रायव्हर होते, वाफेच्या इंजिनावर. गाडी जालन्यात शिरताना आमच्या घराजवळ आली की ठरावीक शिट्टी द्यायचे. एक लांब, दोन आखूड आणि मग एक लांब, हळूहळू उतरत जाणारी. ती ऐकली की माय चहाचं पातेलं चुलीवर ठेवायची. बाबा दारात यायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची.”

पुढची हकिकत भावनाताईंनी धीरानं सांगितली. छोटी लाईन उखडली, वाफेची इंजिनं भंगारात गेली. बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी माडीवरच्या खोलीत खेळण्याएवढी रेल्वे उभी केली. त्यातलं एक इंजिन त्यांचं स्वतःचं, नंबर २६०४. त्याच्या पोटात नखाएवढी चिप आणि बटणाएवढा स्पीकर बसवलेला. रुळांतून वीजही जाते आणि हुकूमही. रिमोटवर ज्या इंजिनाचा नंबर दाबाल, तेवढंच इंजिन ऐकतं.

“आणि शिट्टी?”

“छोटी लाईन बंद होण्याआधी मी गच्चीवर उभी राहून ती टेपरेकॉर्डरवर धरली होती. लहान होते मी. तो आवाज बाबांनी त्या चिपमध्ये घालून घेतला. पुढं कॅसेट बुरशीनं गेली. ज्यानं आवाज घातला, त्याचा कॉम्प्युटरही मोडीत गेला.”

“मोबाईलवर कुणी उतरवून घेतली नाही?”

“रोज वाजायची हो. रोजच्या गोष्टी कोण जपून ठेवतं?”

हे वाक्य भुजंगरावांना कुठंतरी लागलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“बाबांना जाऊन परवा वर्ष झालं,” भावनाताई म्हणाल्या. “मायला आता काही आठवत नाही. बाबा गेलेले पण आठवत नाही. संध्याकाळी मी शिट्टी वाजवली की ती उठते, चहा ठेवते आणि त्या चहाबरोबर भाकरी खाते. दिवसभरात तिच्या पोटात जातं ते एवढंच. परवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, घरात माणसं होती. संध्याकाळी मी नंबर दाबला, तर इंजिन मुकं. तेव्हापासून मायनं घास घेतला नाही. माझा भाऊ मिथुन उद्या सकाळी तिला पुण्याला नेतोय, दवाखान्यात नळीनं जेवू घालायला. ती त्या घरातून गेली तर परत यायची नाही. मला माहीत आहे.”

मॅडम उठल्या. “भुजंगराव, स्कूटर काढा.”

गल्लीत बैलगाडी, हातगाडे, शाळेची पोरं, सगळा गोंधळ होता. भुजंगराव पाय टेकवत, माफी मागत स्कूटर काढत होते.

“हॉर्न का वाजवत नाही तुम्ही कधी?” मागून मॅडम म्हणाल्या.

“बिघडलाय मॅडम,” भुजंगराव म्हणाले. तो बिघडला नव्हता. रोज घरापाशी ते दोनदा हॉर्न द्यायचे आणि त्यांची बायको, दैवशाला, फाटक उघडायची. ती गेल्यापासून त्या बटणाला त्यांनी हात लावला नव्हता.

भावनाताईंच्या घरी खिडकीजवळच्या बाजेवर त्यांच्या माय बेबीनंदाबाई पडल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे मात्र दाराकडे. मॅडम जवळ बसल्या तसा म्हातारीनं त्यांचा हात धरला.

“बाई, गाडी लेट हाय का गं आज?”

“जरा लेट आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“आँ?”

मॅडमनी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. “मंग चहा आत्ता न्हाई ठेवत. निवून जाईल.”

भुजंगरावांनी उगाच छताकडे पाहिलं.

माडीवरच्या खोलीत अख्खं जालना स्टेशन मांडलं होतं. पाण्याची टाकी, सिग्नल, फलाटावरचा कडुनिंब, चहाच्या गाड्यावरचं पळीएवढं छप्पर. भावनाताईंनी रिमोटवर २६०४ दाबलं. इंजिन ढिम्म. ना दिवा, ना धूर काढल्याचा आवाज. दुसऱ्या इंजिनाचा नंबर दाबला, तर ते घरघरत निघालं. म्हणजे रिमोट शाबूत होता.

मॅडमनी २६०४ उचललं. चाकाखालून बारीकसं काहीतरी घरंगळलं. मोडलेली आगकाडी.

“ही काय इथं?”

“केर असेल,” भावनाताई म्हणाल्या. “पाहुण्यांनी टाकला असेल.”

मॅडमनी काडी रुमालात ठेवली. मग इंजिन उलटं करून भुजंगरावांपुढे धरलं. “काय दिसतं?”

“स्क्रूवर लाल रंग हाय.”

“आणखी?”

भुजंगरावांनी डोळे बारीक केले. “चांगला लावलाय रंग. कुठं टवका न्हाई उडाला.”

“ते मायचं नेलपॉलिश,” भावनाताईंना एवढ्यातही हसू आलं. “स्क्रू बसवला की बाबा त्यावर थेंब टाकायचे. कुणी माझ्या इंजिनाचं पोट उघडलं तर मला कळलं पाहिजे, म्हणायचे.”

“परवा या खोलीत कोण कोण एकटं होतं?”

“मिथुन होता. चिपा बसवणारा बुद्धभूषण होता. आणि सोमेश्वरकाका, बाबांच्या इंजिनावरचे फायरमन. ते तर रोज संध्याकाळी येतात, शिट्टी ऐकतात, चहा घेतात, जातात. परवापासून तेही आले नाहीत. मायचे हाल बघवत नसतील.” त्या दाराशी थांबल्या. “हो, एक राहिलंच. काल संध्याकाळी गल्लीत कुणीतरी तोंडानं अगदी त्याच चालीत शीळ घातली. मायनं मान उचलली आणि परत टेकवली. मी बाहेर पळाले, तर कुणी नव्हतं. असेल एखादं टवाळ पोरगं.”

मिथुन खाली ओसरीत मोबाईल घेऊन बसला होता. पुण्याच्या कंपनीतला, इस्त्रीचा शर्ट, झोप नसलेले डोळे.

“ताईला वाटतं मी केलं,” तो म्हणाला. “माय पुण्याला यावी म्हणून. मला माय पाहिजे, हे काही मी लपवत नाही. पण मला तो रिमोट साधा चालूसुद्धा करता येत नाही. बाबा हातच लावू देत नसत.”

“मग कुणी केलं असेल?”

“त्या बुद्धभूषणनं. चिप काढून घेतली असणार, महागाची असते. म्हणून मी त्याला परवाच सांगितलं, या घरात पाऊल टाकायचं नाही.”

“आता इंजिन कसं वाजतं?”

“वाजतं कुठं? मेलंय ते.” त्यानं मोबाईल उलटा ठेवला. “लहानपणी मीसुद्धा त्या शिट्टीची वाट बघायचो. पण ती मायसाठी असायची. माझ्यासाठी एखादी वेगळी वाजवली असती, तर काय गेलं असतं त्यांचं?”

गल्लीच्या कोपऱ्यावर बुद्धभूषणचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो रागानं धुमसत होता.

“मला चोर म्हणले! अप्पाकाकांच्या प्रत्येक इंजिनात चिप म्या बसवली. लाल-काळ्या वायरी रुळाच्या, नारंगी-करडी मोटारीच्या. एकेका टाक्याला तासतास बसून राह्यलो त्यांच्याबरोबर. पैशासाठी केलं का ते?”

“मला चिपेचं जरा समजावून सांगा,” मॅडम म्हणाल्या.

राग बाजूला सारून तो रंगात आला. “चिपेत नंबरची घरं असतेत, मॅडम. एका घरात इंजिनाचा नंबर, एकात वेग, एकात आवाज किती मोठा. नवी चिप आली की तिचा नंबर तीन असतो, मंग आपण आपला देतो. शिट्ट्या सहा. पाच कंपनीच्या, भाईरदेशातल्या. सहावी अप्पाकाकांची. कोणती वाजवायची, ते बी एका घरात लिहायचं.”

“चुकून काही बिघडलं तर?”

“धोक्याचं घर एकच, आठवं. तिथं आठ लिहिला की चिप आपलं लिहिलेलं सगळं विसरती. आवाज मात्र कॉम्प्युटर लावल्याबिगर कुणाला पुसता येत न्हाई.”

“आता २६०४ कसं वाजतं?”

“मला काय माहीत? त्या दिवशी खाली खीर वाढून राह्यलो होतो. माडीवर सकाळी गेल्तो, तवा बराबर वाजत होतं. मंग मिथुननं आत येऊच दिलं न्हाई.”

सोमेश्वर दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत. मूळचे कुंभार पिंपळगावचे. शेती भावाकडे सोडून रेल्वेत शिरले, ते कायमचे. वाफ गेल्यावर त्यांनी डिझेल इंजिनंही चालवली. ओट्यावर बसून ते बिडी ओढत होते. शेजारी फडक्यात बांधलेला डबा होता, न उघडलेला.

“नमस्कार काका,” मॅडम म्हणाल्या.

“जरा आठव्या नॉचवर बोला बाई. इंजिनानं कान खाल्ले माझे.”

मॅडमनी आवाज चढवला. “अप्पारावांबरोबर किती वर्षं होता?”

“जवानी सगळी! अप्पा सिग्नल बघायचा, कोळसा मी मारायचो. घर जवळ आलं की तो नुसता डोळ्यानं इशारा करायचा, आन् शिट्टीची दोरी मी ओढायचो. शेवटची लांब देताना दोरी सोडूच वाटायची न्हाई.” ते हसले आणि लगेच गंभीर झाले. “वहिनीनं खाल्लं का काही?”

“नाही. इंजिन बिघडलंय ना.”

“बिघडलंय तर. कसलं भलतंच वाजतंय ते. परक्या मुलखातल्या इंजिनावानी, नाकातून रडल्यागत. अप्पाची शिट्टी पार गेली.” त्यांनी बिडी विझवली. काडेपेटी खिशात टाकली. “कोणी केलं आसंल हो बाई?”

“संध्याकाळी घरी या. सांगते,” मॅडम म्हणाल्या.

परतताना भुजंगरावांनी आपला निकाल देऊन टाकला. “मॅडम, माझा डाऊट भावावर. म्हाताऱ्याचं तर काळीज फाटलंय.”

“काळीज फाटलंय, हे बरोबर बोललात,” मॅडम म्हणाल्या.

दिवेलागणीला सगळे माडीवर जमले. दाराशी मिथुन, त्याच्याकडे पाठ करून बुद्धभूषण, कडुनिंबाशेजारी भावनाताई. डबा घेऊन आलेल्या सोमेश्वरांना मॅडमनी जवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. खाली म्हातारी एकटीच पडून होती.

“मिथुन म्हणतात, चिप चोरीला गेली,” मॅडमनी सुरुवात केली. “चिप काढायची तर इंजिन उघडावं लागतं. उघडायचं तर स्क्रूवरचं नेलपॉलिश फुटतं. भुजंगरावांनी सकाळीच सांगितलं, टवका उडालेला नाही. म्हणजे चिप आत आहे, तीच आहे, आणि बुद्धभूषणनं काही चोरलेलं नाही.”

भुजंगराव खुर्चीत ताठ बसले. आपण एवढं मोठं काहीतरी सांगितलं होतं, हे त्यांना आत्ताच कळत होतं.

मिथुन खाली पाहू लागला. “मग ते ऐकत का नाही?”

“कारण आपला नंबर ते विसरलंय. बुद्धभूषण, सगळं विसरलेली चिप कुठल्या नंबरला ओ देते?”

“तीन!” बुद्धभूषण उडालाच. “आरं माझ्या! कोणीतरी आठव्या घरात आठ घातला!”

मॅडमनी रिमोटवर तीन दाबलं. २६०४चा दिवा लागला. इंजिनातून आवाज फुटला आणि त्यामागून शिट्टी आली, चिरकी, नाकातली, अनोळखी. भावनाताईंनी कानांवर हात ठेवले.

“आता ऐका. इंजिन आता कसं वाजतं, ते प्रत्येकाच्या तोंडून मी ऐकलं. भावनाताई म्हणाल्या मुकं, मिथुन म्हणाले मेलंय, बुद्धभूषण म्हणाला मला माहीत नाही. ज्याला तीन नंबर ठाऊक नाही, त्याला ते मुकंच वाटणार. ही नाकातली शिट्टी आत्तापर्यंत एकाच माणसानं ऐकली होती. इंजिन विसरल्यावर रिमोटच्या पडद्यावर आलेला तीन आकडा त्यानं पाहिला, दाबला आणि ऐकली.”

मॅडमनी रुमाल उलगडून आगकाडी दाखवली.

“इंजिन बंद पडलं की ते घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडाचा गुटका लावल्याशिवाय रेल्वेचा माणूस खाली उतरत नाही. या खेळण्यालाही कुणीतरी गुटका लावला, सवयीनं, मायेनं. मिथुन लावणार नाहीत. बुद्धभूषण तर इंजिन उचलून टेबलावर घेतो. आणि काल गल्लीत तोंडानं शीळ घातली गेली, ती टवाळ पोराची नव्हती. ती शेवटची उतरती लांब शिट्टी ज्याच्या हातानं वाजायची, त्याच्याच तोंडून ती तशी निघणार.”

“पण आठच का?” भुजंगरावांना राहवलं नाही.

“डिझेल इंजिनाला आठ नॉच असतात, भुजंगराव. आठवा म्हणजे पूर्ण जोर. ज्याला मोठ्यानं बोला म्हणायचं तर आठव्या नॉचवर बोला म्हणतो, त्याला इंजिनाचा आवाज वाढवायचा असेल तर तो कुठलं घर शोधेल आणि तिथं काय लिहील?” मॅडम खुर्चीकडे वळल्या. आवाज मुद्दाम मोठा ठेवला, पण त्यात धार नव्हती. “काका, बेबीनंदाबाईंना ऐकू कमी येतंय, हे या घरात सगळ्यात आधी तुम्हाला कळलं ना?”

सोमेश्वरांचे खांदे बसले.

“आधी पहिल्या शिट्टीला उठायची वहिनी,” ते म्हणाले. “मंग दुसऱ्या. परवाच्या आदल्या रोजी भावनानं चारदा वाजवली, तवा उठली. मला समजलं. माझे कान गेले, तवा बी असंच झाल्तं. म्हणलं, एखाद्या दिवशी हिला ऐकूच येणार न्हाई, आन् ही तशीच दाराकडं बघत बसंल. अप्पाला घरं उघडून आकडे लिहिताना पाहिलं होतं. सगळे खाली खीर खाऊन राह्यले होते. म्या आठात आठ घातला. आन् अप्पा गप झाला.”

“काका, सांगितलं का नाही?” भावनाताईंचा आवाज फाटला. “माय उपाशी होती!”

“काय सांगू, पोरी? तुझ्या बापाला मी दुसऱ्यांदा मारलं म्हून सांगू?” म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड झाकलं. “रोज वहिनीसाठी डबा घेऊन निघतो आन् कोपऱ्यावरून माघारी फिरतो. काल शीळ घालून पाह्यली. तोंडात दात न्हाईत. वारा निघून जातो.”

मिथुन केव्हा पुढे आला, कुणाला कळलं नाही. तो त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला होता.

“चिप लिहिलेलं विसरते,” मॅडम म्हणाल्या, “पण आवाज पुसला जात नाही. सकाळी दुकानात हे कुणी सांगितलं?”

बुद्धभूषणनं एव्हाना रिमोट हातात घेतला होता. राग, अपमान, सगळं विसरून तो भराभर आकडे लिहीत होता. नंबर सव्वीस-शून्य-चार. शिट्टी सहावी. “आन् हे आवाजाचं घर, काका,” तो ओरडून म्हणाला. “नीट बघून ठेवा. त्रेसष्ट. इथं वाढवायचा!” मग आवाज वाढवून त्यानं रिमोट मिथुनपुढे धरला.

मिथुननं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं बटण दाबलं.

एक लांब. दोन आखूड. मग शेवटची, गच्चीवरच्या त्या जुन्या वाऱ्यासकट, सोडवत नसलेल्या दोरीसारखी उतरत, उतरत गेली. सोमेश्वरांची मूठ हवेतच आवळली गेली होती. शिट्टीच्या शेपटाला, लांब कुठंतरी, पातेल्याचा खण्ण आवाज आला.

“ती माय,” भावनाताई कुजबुजल्या. “टेपमध्ये आलीय. तेव्हा खाली चहा ठेवत होती.”

इंजिन शांत झालं. आणि मग पुन्हा पातेलं वाजलं.

हा आवाज इंजिनातून आला नव्हता.

भावनाताई जिन्यावरून धावल्या. त्यांच्यामागे सगळे. स्वयंपाकघरात बेबीनंदाबाई एका हातानं ओट्याचा आधार घेऊन उभ्या होत्या. पातेल्यात पाणी होतं, गॅस पेटला होता.

“केवढ्यानं वाजवली आज,” त्या कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांना सोमेश्वर दिसले. “आलात का भावजी? हे कुठंयत?”

सोमेश्वरांनी ओठ ओले केले. “इंजिन शेडला लावून राह्यलाय, वहिनी. तुम्ही घ्या म्हणला.”

“त्यांचं नेहमीचंच,” म्हातारी म्हणाली. सोमेश्वरांनी फडकं सोडून डबा उघडला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि चहात बुडवला.

मिथुन ओसरीत गेला. सकाळच्या गाडीवाल्याला नको म्हणून सांगताना त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

मॅडमना ऑफिसवर सोडून भुजंगराव घराकडे निघाले. फाटकापाशी त्यांनी स्कूटर थांबवली. उतरले नाहीत. अंगठा कितीतरी वेळ त्या बटणावर होता. मग त्यांनी दोनदा हॉर्न दिला.

शेजारची गोजरबाई खिडकीतून डोकावली आणि आत गेली. फाटक बंदच होतं. दैवशाला आता उघडणार नाही, हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण तो आवाज ऐकून त्यांना फार बरं वाटलं आणि फार रडू आलं. जरा वेळानं ते उतरले, कडी काढली आणि स्कूटर आत घेतली.